आमराईत फिरायला जायचंय, बायकोबरोबर. कधी जावं?

माईघाट
मंडळी, प्रश्न साधा आहे, पण विचारताना जरा लाजल्यासारखं होतंय. येत्या फेब्रुवारीत आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं पूर्ण होतायत. मुलगी म्हणते हॉल घेऊ, केक कापू, फुगे लावू. मला त्यातलं काही नकोय. बायकोला घेऊन सांगलीच्या आमराई बागेत एक फेरी मारायचीय, बस्स.

त्यामागची गोष्ट अशी. १९९९ च्या दिवाळीनंतर मी तिला बघायला गेलो. कार्यक्रम तिच्या मामांकडे होता, कॉलेज कॉर्नरपासून चालत पाच मिनिटांवर. पोहे झाले, नोकरी-पगार झालं, आणि मग मामा म्हणाले, "जरा आमराईत चक्कर मारून या. मोकळेपणानं बोला." मोकळेपणासाठी सोबत स्वतःचा आठ वर्षांचा मुलगा दिला. मी तेव्हा साखर कारखान्यात बॉयलरवर होतो. पाऊण तास मी तिला बॉयलर समजावला. बॉयलरात जाळतात त्या बगॅसमध्ये, म्हणजे उसाच्या चोथ्यात, निम्मं पाणीच असतं, ती जास्त ओली आली की वाफ कशी पडते, वगैरे. ती "हो का, हो का" करत होती. पोरगं चिंचेचे आकडे वेचत होतं. तरी तिनं होकार दिला. का दिला, ते आजतागायत सांगितलेलं नाही.

पुढे नोकरीपायी सांगली सुटली. येणं-जाणं राहिलं, पण लग्न, बारसं, दवाखाना, कोर्टाचं काम. त्या वाटेवर दोघंच कधी गेलो नाही. आता विचारायचं ते एवढंच की किती वाजता गेलं तर पन्नाशीतल्या जोडप्याला अवघडायला होणार नाही? बायको म्हणते, "लोक बघतील." कोण लोक, ते सांगत नाही.

उगाच_एक
स्वतःच्या बायकोबरोबर फिरायला मुहूर्त विचारणारा माणूस पहिल्यांदा बघितला. धागा वाचनखुणेत टाकलाय.

हळदीचं_पेव
दादा, मी रोज जाणारा आहे, म्हणून सांगतो. पहाटे अजिबात जाऊ नका. पहाटेची आमराई ही मधुमेहाची शाखा आहे. सगळे हात हलवत झपाझप चालतात, तुम्ही दोघं रमतगमत निघालात तर मागून "जरा बाजू द्या" येणार. त्यात हास्यक्लब. तुम्ही बायकोला काही हळुवार सांगायला जाल आणि शेजारून तीस जण एकदम "हा हा हा हा" करतील.

रविवारी संध्याकाळी पोराबाळांची जत्रा. मधल्या वारी दुपारी साडेचार-पाचला जा. पहाटेवाले घरी वामकुक्षीत असतात, संध्याकाळचे अजून चहा पित असतात. ऊन तिरपं झालेलं असतं. तुमच्या सोबत आठ वर्षांचं कुणी नसेल, एवढं फक्त बघा.

पहाटफेरी
मधुमेहाची शाखा! आम्ही बावीस वर्षं येतोय, शाखाप्रमुख म्हणा हवं तर.

माईघाट, तुम्ही अवश्य या. तुमच्यासारख्यांना कोण कशाला बघेल? पण हल्ली संध्याकाळी काय चालतं ते या धाग्याच्या निमित्तानं लिहितोच. झाडामागे, बाकावर, तोंडाला ओढण्या बांधून बसलेली पोरं-पोरी. कॉलेजच्या वेळेत. आम्ही नातवंडांना घेऊन जातो, ती विचारतात, "आजोबा, त्या ताईचा चेहरा का झाकलाय?" काय सांगायचं? ही संस्थानच्या काळातली बाग आहे. बाग फिरायला असते, बसायला नाही.

तिसरा_बाक
काका, मग बाक कशाला ठेवलेत?

उगाच_एक
🍿

तिसरा_बाक
आणि जरा मोठं लिहितो, कारण त्या ओढणीतली एक पोरगी आता माझी बायको आहे.

आमचं घर दीड खोलीचं, माणसं पाच. तिच्याकडे तर दारात आजी खुर्ची टाकूनच बसलेली. हॉटेलात बसायचं तर दोन कॉफ्यांचं बिल बघून पोटात गोळा यायचा, मी तेव्हा दुकानात हिशेब लिहायचो. बाग फुकट होती. आम्ही काय करायचो? ती स्पर्धा परीक्षेचं वाचायची, मी तिला प्रश्न विचारायचो. पंचायत राज, राज्यघटना, कलमं. एकदा दुसऱ्याच एका गावातल्या बागेत (सांगली नव्हे) साध्या कपड्यातली दोन माणसं आली आणि म्हणाली, "वडलांचा नंबर सांग." तिच्या हातात घटनेची नोंदवही होती. कलम एकवीसवर, जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कावर, बोट होतं. तो दिवस मी विसरलेलो नाही.

ओढणी तुमच्या नातवंडांपासून लपायला नसते काका, तुमच्यापासून असते. तुम्ही तिच्या काकांना ओळखता ना!

बकुळी
तिसरा_बाक, कलम एकवीसला दंडवत.

पहाटफेरी काकांना एकच सांगते, आणि हे कुणी लिहिणार नाही म्हणून लिहिते. मी एकटी बागेत गेले तर माझ्याकडे जितकं बघतात, तितकं मी नवऱ्याबरोबर गेले तर बघत नाहीत. संध्याकाळी बागेत जी "ती पोरं-पोरी" बसलेली असतात ना, ती आहेत म्हणून मला एकटीला चालायला धीर येतो. जोडप्यांना हाकलून बाग रिकामी केली की तिथं पत्त्यांचा डाव बसतो आणि मग आमच्यासारख्यांनी यायचं बंदच.

माईघाट, तुमचा फेब्रुवारी मात्र झकास आहे. आंबा मोहोरलेला असतो. मोहोराचा वास उन्हाबरोबर वाढतो, त्यामुळे साडेचारची वेळ अगदी बरोबर. तांबट पक्ष्याची ठोक-ठोक सुरू झालेली असते, तांब्याची भांडी घडवणारा तांबट भांडं ठोकतोय असं वाटतं, म्हणून तर हे नाव. थोडं थांबलात तर कोकीळही ऐकू येईल. गातो तो नर हं. मादी गात नाही, ती ठिपक्याठिपक्यांची असते आणि गपचूप ऐकून ठरवते. तुमच्या बॉयलरच्या गोष्टीशी मिळतंजुळतं आहे की नाही?

माईघाट
बकुळीताई, हे बायकोला वाचून दाखवलं. म्हणाली, "ठिपके कुणाला म्हणतायत?"

सातारी_कंदी
आमराई-बिमराई ठीक हाय, पण फिरायचंच तर साताऱ्याला या की राव. चार भिंती! अजिंक्यताऱ्याच्या उतारावर. खाली अख्खं शहर अंथरलेलं, समोर यवतेश्वरचा डोंगर, दिवे लागायच्या वेळंला तर काय सांगू. थोरल्या प्रतापसिंह महाराजांच्या वेळची जागा, दसऱ्याची मिरवणूक राजघराण्यातल्या बायकांना बघता यावी म्हणून बांधली, असं आम्ही लहानपणापास्नं ऐकत आलोय. येताना राजवाड्यावर भेळ, मोती चौकातनं कंदी पेढे. पंचवीस वर्षं झाली म्हणताय, पेढे तर पाहिजेतच.

हळदीचं_पेव
आणि तो चढ? पन्नाशीतल्या बाईला चढवून वर नेलं तर सव्विसावं वर्ष दिसायचं नाही.

सातारी_कंदी
सांगलीवाल्यांना चढ म्हंजे आयर्विन पुलावरचा! सपाट गावची माणसं. 😄

यवतेश्वर_घाट
मीही सातारचाच, पण कंदीशेठशी असहमत. चार भिंती हे १८५७ च्या हुतात्म्यांचं स्मारक आहे. प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये गादीवरून काढून काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि चौदा वर्षं तिथं झगडत राहिले. पुढे १८५७ मध्ये सतरा जणांना गेंडामाळावर देहदंड झाला, त्यात त्यांचा मुलगाही होता. त्या स्तंभाला टेकून लोक ओठ पुढे काढून फोटो काढतात तेव्हा मला कसंतरी होतं. फिरा, बसा, हात धरा, माझं काही म्हणणं नाही. पण जागा कुणाची आहे ते ठाऊक असावं.

सातारी_कंदी
हे मान्य. स्तंभाला टेकू नये. आम्ही कठड्यावर बसायचो.

यवतेश्वर_घाट
मीपण. 🙂 (हे घरी वाचलं जात नाही अशी आशा.)

पुणेरी_पेन्शनर
ऐतिहासिक बाग म्हटल्यावर सारसबागेचा उल्लेख अजून कसा नाही? पर्वतीच्या पायथ्याचं तळं नानासाहेब पेशव्यांनी करवलं, त्यातल्या बेटावरच्या गणपतीची स्थापना सवाई माधवरावांच्या काळात, १७८४ मध्ये. म्हणूनच तो तळ्यातला गणपती. शेजारच्या पेशवे पार्कात १९५६ पासून फुलराणी धावतेय. माझी पत्नी व मी १९७८ मध्ये

पुणेरी_पेन्शनर
क्षमस्व, आधीचा प्रतिसाद अर्धवटच गेला. १९७८ मध्ये आम्ही फुलराणीत बसलो होतो. तिकीट तपासणाऱ्यानं विचारलं, "मुलं कुठायत?" लग्नाला तेव्हा अकरा दिवस झाले होते.

उगाच_एक
हे पुण्याचं असूनही आवडलं. हलके घ्या.

न्यूजर्सीची_वहिनी
माझं माहेर विश्रामबागचं, विलिंग्डनची विद्यार्थिनी. कॉलेज १९१९ चं, आणि त्या आवारातल्या रस्त्यांवरून आम्ही जितक्या चालल्या असू तितकं पुढे आयुष्यात चाललो नाही. मैत्रिणीला बस मिळेपर्यंत सोबत करायची म्हणून थांब्यापर्यंत जायचं, मग ती मला सोबत म्हणून परत फाटकापर्यंत यायची. बस तीनदा जायची.

इकडे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात आम्ही दर शरदात जातो. १८५८ मध्ये लोकांसाठी उघडलेलं, ८४३ एकर. सगळं निसर्गनिर्मित वाटतं पण तळी, टेकाडं, वळणं सगळं माणसानं आखलेलं. दोघा आराखडाकारांनी स्पर्धा जिंकून केलेलं काम ते. वाटा मुद्दाम वळत्या ठेवल्यात, पुढचं वळण दिसू नये म्हणून. मला तिथलं सगळ्यात आवडतं ते म्हणजे बाक. देणगी दिली की बाकावर आपल्या माणसासाठी दोन-तीन ओळींची पट्टी लावता येते. कुणी लग्नाची मागणी घातलेली असते, कुणी गेलेल्या नवऱ्यासाठी लिहिलेलं असतं. मी चालता चालता सगळ्या वाचत बसते, आमचे हे पुढे जाऊन वाट बघत उभे. तेव्हा वाटतं, आपल्याकडे असं काही असतं तर लोकांनी झाडांवर बाण-बदाम कोरले नसते.

हळदीचं_पेव
वहिनी, आपल्याकडे पट्टी लावली असती तर त्यावर "सौजन्य" लिहून नगरसेवकाचा फोटो आला असता.

बकुळी
बाण-बदामावरून अवांतर, पण राहवत नाही.

झाडाच्या सालीच्या आतच अन्न वाहून नेणारा थर असतो. खोडाभोवती पूर्ण कडं कापलं तर खाली मुळांना अन्न पोचत नाही आणि झाड हळूहळू मरतं. एखादं नाव कोरल्यानं लगेच मरत नाही, पण जखम राहते, तिथून बुरशी-कीड शिरते. म्हणून कृपा करून कोरू नका.

आता गंमत. पुष्कळांना वाटतं की झाड वाढलं की कोरलेलं नाव वर वर जातं. जात नाही. झाड उंचीला शेंड्याकडून वाढतं, खोड फक्त जाड होत जातं. म्हणजे १९९९ मध्ये छातीच्या उंचीवर कोरलेला बदाम आजही छातीच्याच उंचीवर असणार. रुंदीला मात्र सुटलेला.

सातारी_कंदी
उंची तीच, रुंदीला सुटलेला. ताई, हे आमच्या लग्नाचं वर्णन झालं.

माईघाट
मी काही कोरलं नव्हतं. खिशात पेनसुद्धा नव्हतं. असतं तर बॉयलरची आकृती काढली असती.

गावभाग_आत्या
उशिरा आले. सगळं वाचलं. तुम्ही सगळे बागेचं बोलताय, मला फिरण्याचं बोलायचंय.

आमचं घर गावभागात. वाडा, त्यात चार बिऱ्हाडं, मधे एक नळ. माझे आई-वडील नुसते फिरायला गेलेत असं मी जन्मात पाहिलं नाही. "फिरायला जातो" हे वाक्यच नव्हतं घरात. वाक्य होतं, "गणपतीला जाऊन येतो." अप्पासाहेब पटवर्धनांनी बांधलेलं आमचं संस्थानचं मंदिर, नदीकाठचं. वडील पुढे, आई दहा पावलं मागे, डोक्यावरून पदर, हातात दूर्वांची जुडी. पेठेतून असेच जायचे, जणू ओळख नाही. आम्ही पोरं एकदा लपतछपत मागे गेलो. देऊळ झालं की दोघं घाटाकडे वळली, आणि पायऱ्यांवर आईनं तो दहा पावलांचा हिशेब पाण्यात सोडून दिला. शेजारी बसली होती आणि हसत होती. घरी ती इतकी मोठ्यानं हसायची नाही. आम्ही घाबरून पळून आलो. आईला कुणीतरी बाधलं म्हणून धाकटा भाऊ रडला.

दुसरं निमित्त पुराचं. पावसाळ्यात सांगलीत कुणालाही विचारा, "पाणी बघून येतो" हे घराबाहेर पडायचं सर्वमान्य कारण. आयर्विन पूल १९२९ चा, त्यावर फुटांच्या खुणा. पाणी किती चढलं ते बघायला अख्खं गाव. नवी लग्न झालेली जोडपी तर हमखास. कृष्णामाईनं सांगलीत जितकी लग्नं मुरवली तितकी देवळानं नसतील मुरवली.

तर माईघाट, तुमच्या बायकोला "लोक बघतील" वाटतं याचं कारण मला असं दिसतं. आपल्याला निमित्तानं चालायची सवय आहे. बागेत निमित्त नसतं. तिथं नुसते दोघं दिसतात. तुम्ही तिला एखादं निमित्त द्या, निमूट येईल.

हळदीचं_पेव
आत्या, दंडवत. आमचं लग्न पुलावरच ठरलं. तेव्हा पाणी इशारा पातळीला होतं, चाळीस फूट. धोका पातळी पंचेचाळीस, ती लग्नानंतर आली.

पहाटफेरी
आत्याबाईंचा प्रतिसाद दोनदा वाचला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्याच पुलाला पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं आणि "पाणी बघायला" कुणी गेलं नव्हतं, पाणीच आपल्याला बघायला घरात आलं होतं. असो, विषय तो नाही.

तिसरा_बाक यांस: नंबर मागणाऱ्यांचं मी समर्थन केलं नव्हतं आणि करणार नाही. पण नातवाला काय सांगायचं, हा माझा प्रश्न तसाच आहे.

तिसरा_बाक
सांगा, "ताईला ऊन लागतंय." माझी आई मला हेच सांगायची.

मिरज_जंक्शन
निमित्ताच्या मुद्द्याला शंभर टक्के अनुमोदन. आमच्याकडे मिरजेत निमित्त म्हणजे गाणं. मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या आठवणीत गाण्याच्या मैफली होतात, रात्र रात्र चालतात. "गाणं ऐकायला जातो" म्हटलं की घरचे काही विचारत नसत. परतताना सतारमेकर गल्लीतून चालत यायचो. दुकानं बंद, पण फळीतून भोपळे टांगलेले दिसायचे. तिला वाटायचं मला संगीत फार कळतं. मला अजूनही यमन आणि भूप एकच वाटतात.

देवलांचा_शेजारी
मी हरिपूरचा. माईघाट, आमराई झाली की दुसऱ्या दिवशी हरिपूरला या. सांगलीहून हरिपूरचा रस्ता, कडेला चिंचेची जुनी झाडं, पुढे संगमेश्वराचं देऊळ आणि कृष्णा-वारणेचा संगम. नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचं हे गाव. आत्यांच्या नियमाप्रमाणे निमित्तही आहे: देवदर्शन.

आणि हळदीचं_पेव या नावाबद्दल नव्या पोरांसाठी: आमच्याकडे हळद जमिनीखालच्या पेवांत साठवत. तोंड अरुंद, आत खोल आणि फुगीर. हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि पुष्कळ पेवं गेली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा माझे वडील म्हणाले होते, "मान मिळाला, पेव गेलं." लहानपणी मी आणि आता जी बायको आहे ती, दोघं पेवाच्या तोंडाशी वाकून एकमेकांच्या नावानं हाका मारायचो. आवाज घुमून परत यायचा. तेव्हा आम्ही सहावीत होतो, प्रेम वगैरे काही नव्हतं. वडलांनी मात्र कान धरून ओढलं होतं. पेव उघडल्यावर आत लगेच उतरायचं नसतं, कोंडलेली हवा जीव घेते, म्हणून.

न्यूजर्सीची_वहिनी
हरिपूर रोडची चिंच! रात्री दोन वाजता तोंडाला पाणी सुटलंय. 😭

उगाच_एक
धागा आमराईवरून निघून सेंट्रल पार्क, पेव, दर्गा करत चिंचेवर आला. माईघाट जिवंत आहेत का?

माईघाट
आहे. सगळं वाचतोय आणि घरात वाचून दाखवतोय. साडेचारची वेळ पक्की. निमित्त सापडलं: भडंग. तिच्या भावजयीनं चार किलो मागवलंय. "भडंग घ्यायला जाऊ, वाटेत आमराई लागतेच" असं म्हटल्यावर बायको ताबडतोब तयार झाली. आत्या, तुमचे पाय कुठायत?

गावभाग_आत्या
दुखतायत. भडंग पाठवा.

माईघाट
*(सुमारे महिन्याभरानं)*

जाऊन आलो. वृत्तांत देणं कर्तव्य आहे.

मामांकडे उतरलो. मामा आता नाहीत, मामी आहेत. तो आठ वर्षांचा पहारेकरी आता चौतिशीचा, टक्कल पडायला लागलंय. गाडीनं सोडतो म्हणाला, मी म्हटलं चालत जातो. तर दारात उभा राहून म्हणतो, "भावजी, मी येऊ का सोबत?" घरात सगळे हसले. बायको लाल झाली. हे असं पंचवीस वर्षांत पहिल्यांदा बघितलं.

आमराईत पोचलो पाचला. मोहोराचा वास होता, बकुळीताई. तांबट ठोकत होता. कोकीळ मात्र गायला नाही, बहुतेक त्याचंही लग्न झालं असावं. बायकोनं पहिली दहा मिनिटं फोनवर पावलं मोजली. मग फोन पर्समध्ये टाकला. एका बाकावर ओढणी बांधलेली मुलगी आणि एक मुलगा बसले होते, मध्ये वह्या. आम्हाला बघून मुलगा उठायला लागला. बायको म्हणाली, "बस बस, आम्ही काही बघितलं नाही." आणि पुढे गेल्यावर मला म्हणाली, "लोक म्हणजे आपणच की हो."

ती जुनी वाट नेमकी कुठली, यावर आमचं भांडण झालं. मी म्हणतो डावीकडची, ती म्हणते उजवीकडची. मी म्हटलं आंब्याखाली उभे होतो, ती म्हणाली चिंच होती, म्हणून तर पोरगं आकडे वेचत होतं. यात ती बरोबर आहे.

मग मी विचारलं. होकार का दिलास? म्हणाली, "त्याआधी तिघं येऊन गेले होते. तिघांनीही पहिला प्रश्न विचारला होता, स्वयंपाक येतो का. तुम्ही पाऊण तासात एकदाही विचारलं नाहीत. मला वाटलं, या माणसाचं सगळं लक्ष बॉयलरवर आहे, घरात आपल्याला मोकळीक मिळेल."

हात धरायचा राहिलाच होता. बागेत धीर झाला नाही, खरं सांगतो. बाहेर पडलो, कॉलेज कॉर्नरला रस्ता ओलांडायचा होता. सहाची वेळ, बस, रिक्षा, दुचाक्या. तिनंच माझं मनगट पकडलं आणि ओढत पलीकडे नेलं. पलीकडे पोचल्यावर सोडलं नाही. भडंगाच्या दुकानापर्यंत. मग पैसे काढायला सोडावं लागलं.

बकुळी
😊

पुणेरी_पेन्शनर
उत्तम. एक शंका: चिंचेचे आकडे नोव्हेंबरात वेचण्याजोगे असतात काय?

बकुळी
कच्चे, हिरवे असतात काका. पोरं पिकायची वाट बघत नाहीत.

पहाटफेरी
ते वह्यावाले दोघं निळ्या पिशवीचे का? रोज असतात. परवा मुलाच्या हातून कागद उडाला तो नातवानं धावत जाऊन आणून दिला. कागदावर भूमिती होती. बाकी माझं मत आहे ते आहे.

तिसरा_बाक
काका 🙏

सातारी_कंदी
आता सव्विसाव्याला साताऱ्याला. चढ हळूहळू चढवतो, मधी बसायला कठडा हाय.

गावभाग_आत्या
भडंग तिखट होतं का लसणीचं?

माईघाट
दोन्ही दोन-दोन किलो. भावजयीला पोचलं तेव्हा साडेतीन होतं.